खंडेनवमीला पुजलेलं मशीन

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. दापोडीत आमच्या चाळीत नळावर भांडण झालं की बायका आधी माझ्या दाराची कडी वाजवतात. त्यामुळे ही गोष्ट ऐकली की ओळखीचे लोक म्हणतात, काहीतरीच, तू आणि गप्प बसलीस? हो, बसले. चांगली सात-आठ मिनिटं बसले, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं.

भोसरी एमआयडीसीत एका गाळ्यात आमची कंपनी आहे. एका बाजूला पॉवर प्रेसची धाडधाड, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगचा वास. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथंही पत्रेच कापत असतील. आत मात्र काचेची एक बंद खोली आहे आणि त्या खोलीत माणसाच्या जिवंत पेशींना विजेचा झटका देतात. झटका म्हटलं की लोक दचकतात, म्हणून नीट सांगते. पेशीला पातळ कातडी असते. औषध असो की जनुक, ती सहजासहजी आत येऊ देत नाही. मग दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये, द्रावणात, त्या पेशी ठेवायच्या आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत विजेचा ताण देऊन काढून घ्यायचा. कातडीला बारीक भोकं पडतात, बाहेरचं आत शिरतं आणि भोकं आपली आपण बुजतात. भरताच्या वांग्याला टोचे मारतो ना, तसंच. फक्त वांग्याची भोकं बुजत नाहीत. ताण कमी पडला तर आत काही जात नाही, वेडावाकडा बसला तर पेशी मरते. आणि एकदा झटका खाल्लेल्या पेशीला दुसरा देता येत नाही, ती तेवढं सोसत नाही.

मी काही शास्त्रज्ञ नाही. आयटीआय केलेली बाई. बारा वर्षं चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत टेस्टिंगला होते, फर्स्ट शिफ्टची बस पकडायला पहाटे साडेपाचला नाक्यावर उभी. इथं आले ती मशीन तपासायच्या कामावर. सांगितलेला ताण खरंच तेवढाच जातो का हे बघायचं आणि खाली सही करायची. पेशींचं काम मॅडमचं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण कामाला चोख. मला ताई म्हणतात, आणि ऐकायची वेळ आली की मीच त्यांचं ऐकत नाही.

चाकणला खंडेनवमीला आम्ही आपापलं टेबल पुजायचो. दुपारी लाइन बंद. मशीन पुसायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ, नारळ फोडून त्याचं पाणी फुलानं शिंपडायचं आणि मग पेढे. एका वर्षी ओव्हरटाइमच्या गडबडीत आमच्या लाइनची पूजा राहिली आणि दोनच आठवड्यांत माझ्या शेजारणीचं बोट क्लॅम्पमध्ये चिरडलं. योगायोग असेल. पण ते बोट मी माझ्या ओढणीत बांधलं होतं, त्यामुळे योगायोग म्हणून मला ते सोडून देता येत नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला झटक्याचं मशीन तपासणीसाठी काचेच्या खोलीबाहेर, माझ्या टेबलावर होतं. दुसरं मशीन उघडून दुरुस्तीला पडलेलं. म्हणजे चालू असं हेच एक. मॅडम हिंजवडीला मीटिंगला निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "ताई, पूजा करायची ती कॉम्प्रेसरची करा, गाळ्याची करा. या मशीनला मात्र काही लावू नका."

मी म्हटलं, "बरं."

त्या गेल्या आणि माझं डोकं फिरलं. अख्ख्या कंपनीचं पोट ज्याच्यावर, त्यालाच वगळायचं? कॉम्प्रेसर काय आपल्याला पगार देतो? मी मशीनच्या बाहेरच्या पत्र्याला बोटभर कुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. पेशींची डबी, म्हणजे कॅसेट, बसवायच्या खाचेचं झाकण उघडं होतं. हे मला दिसलं होतं, ते लपवत नाही. चार थेंबांनी काय होतंय, असं वाटलं. संध्याकाळी सगळं पुसून काढलं, स्पिरिटच्या फडक्यानं खाच पुसली, आकडे तपासले. बरोबर आले. सही केली आणि मशीन आत पाठवलं.

मधे दसऱ्याची सुट्टी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलची गाडी निळा डबा घेऊन आली आणि तिच्या मागोमाग मोटारसायकलवर एक म्हातारबाबा. पांढरा सदरा, टोपी, डोळे तांबारलेले. गेटावरच्या केबिनमध्ये ते बसून राहिले, वॉचमनला काही बधेनात. मला बोलावणं आलं, कारण भांडायचं असलं की मलाच बोलावतात.

"आबा, इथं पेशंटच्या माणसांनी यायचं नसतं," मी म्हटलं.

"म्हाइत हाय. पर आलोय. त्या डब्यात माझ्या सुनंचं रगत हाय. डाक्टर म्हनलं भोसरीला धाडतोय. आमी दिघीचं, भोसरी म्हंजी आमचं अंगनच. म्हनलं कुनाच्या हातात देत्यात ते बघून तरी येऊ."

मी चहा सांगितला. त्यांनी मग सगळं सांगितलं. सुनेला रक्ताचा कॅन्सर. दोनदा औषधं झाली, दोन्ही वेळा उलटला. आता तिच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांच्यात जनुक घालून, वाढवून परत तिला द्यायच्या होत्या, म्हणजे त्या कॅन्सरशी लढतील. हे मला माहीत होतं, आमचं कामच ते. मला माहीत नव्हतं ते पुढचं.

"आता परत काढाया तिच्या अंगात तेवढ्या पेशी न्हाईत म्हनं. ह्यो एकच डाव हाय. नात सातवीला हाय माझी." मग चहाचा पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "खंडेनवमीला मशीन पुजलं व्हतं न्हवं?"

"म्हणजे काय आबा! मी स्वतः पुजलंय."

"मंग झालं," ते म्हणाले आणि पहिल्यांदा भिंतीला टेकून बसले.

आमच्याकडे झटक्याच्या वेळी एक जण आत, एक जण बाहेर, अशी पद्धत आहे. आत मॅडम, नखशिखान्त पांढऱ्या कपड्यात. बाहेर काचेला लागून मी, समोर आकड्यांचा पडदा, हाताशी बोलायचं बटण. एवढ्या पेशी एका खेपेला मावत नाहीत, म्हणून त्यांनी दोन कॅसेट भरल्या. कॅसेट म्हणजे आत दोन पट्ट्या बसवलेली प्लास्टिकची चपटी डबी. त्या द्रावणात पेशी अर्धा तास तग धरतात, पुढे मरायला लागतात. म्हणजे भरल्यापासून घड्याळ सुरू.

"ताई, आधी रिकाम्या कॅसेटमध्ये नुसतं मिठाचं पाणी घालून एक कोरा झटका देते," मॅडम म्हणाल्या.

नेहमी त्या वेळी एक बारीक टक् ऐकू येतं. त्या दिवशी टक् आलं आणि त्याला चिकटून दुसरा आवाज आला. चट्. पडद्यावर आकडा थोडा घसरला होता, पण हिरव्या पट्ट्यातच होता.

मॅडमना काही वाटलं नाही. मी मात्र कान टवकारले. बारा वर्षं मी तो आवाज ऐकला होता. कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये घामाचं बोट लागलेलं असलं, की ताण चढवताना तो असाच चट् करतो. वीज नेमून दिलेली वाट सोडते आणि त्या खारट डागावरून पळते. आणि मग एका क्षणात मला सगळं लख्ख कळलं. स्पिरिटनं तेल जातं, जंतू जातात. मीठ आणि साखर जात नाही, नुसती पसरते. नारळाच्या पाण्यात दोन्ही असतं. परवा ते कोरडं होतं म्हणून माझे आकडे बरोबर आले. दोन दिवस आतल्या दमट हवेत राहून ते चिकट झालं असणार.

अगं बाई! हे मी केलंय.

मी बटण दाबलं. "मॅडम, कॅसेटची खाच एकदा उघडून बघायची का?"

"आकडा हिरव्यात आहे. उघडण्यात दहा मिनिटं जातील." त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. "काही कारण आहे का?"

हे त्यांनी विचारलं. सरळ, स्वच्छ विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? ती सून नाही आली, केबिनमधला म्हातारा नाही आला. मी नको म्हटलेलं केलं हे उघडं पडणार, हे आलं. चाळीतल्या बायका आल्या. मुलाच्या कॉलेजची फी आली. मी त्रेचाळीस वर्षांची, आता मला कोण टेस्टिंगला घेतंय, हे आलं. आकडा हिरव्यात आहे ना, मग जाईल निभावून.

"नाही," मी म्हटलं.

मॅडमनी पहिली कॅसेट खाचेत बसवली, झाकण लावलं. मी काचेला दोन्ही हात लावून उभी होते. बोलायचं बटण माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर होतं. अजून सांगता येईल, अजून सांगता येईल, असं मनात चाललेलं, आणि हात हलेना. त्यांनी झटक्याचं बटण दाबलं.

चट्ट. या वेळी झाकणाच्या फटीतून निळी ठिणगी दिसली आणि पडदा लाल झाला. झटका मधेच तुटला होता.

मग मॅडमचा आवाज आला, एकदम लहान मुलीसारखा. "ताई, अर्ध्या गेल्या. अर्ध्या गेल्या हो. असं कसं झालं? तुम्ही तपासलं होतंत ना?"

"मॅडम, मी त्याच्यावर नारळाचं पाणी शिंपडलं होतं."

"काय?"

"खंडेनवमीला. तुम्ही नको म्हणाला होतात. मी पूजा केली. खाचेत पाणी गेलंय. आता मला काय बोलायचं ते नंतर बोला, आधी ते साफ करा. किती मिनिटं झाली?"

"अकरा."

मला आत जायचं तर कपडे, टोपी, मोजे, पंधरा मिनिटं मोडली असती. मॅडमनीच करायला हवं होतं, आणि त्यांनी जन्मात कधी स्क्रू फिरवला नव्हता. शिवाय आत स्क्रू ड्रायव्हर नव्हता. त्यांनी स्टीलचा एक चपटा चमचा घेतला, त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत घातलं.

"उलटा फिरवा! मॅडम, तो आवळताय तुम्ही! इकडं, माझ्याकडं!" मी काचेवर बोटानं गोल काढून दाखवत ओरडत होते.

"ओरडू नका!"

"नाही ओरडत! फिरवा!"

पहिला स्क्रू सुटला. दुसऱ्यावर चमचा दोनदा घसरला, एकदा त्यांच्या हातमोज्याला घासून गेला. मोजा फाटला असता तर तो बदलण्यात आणखी वेळ. नाही फाटला. खाचेतली पट्टी त्यांनी उचलली आणि दिव्याखाली धरली. दोन पिनांच्या मधे पिवळट चकाकता डाग होता. तो बघितल्यावर मला माझीच किळस आली.

"स्पिरिट नको. शुद्ध पाणी घ्या. घासू नका, टिपा. नवीन फडकं. परत. आता परत नवीन."

त्या सांगितल्याबरोबर करत होत्या. एवढ्या शिकलेल्या बाईनं माझं इतकं ऐकलं, आणि मी त्यांचं एक वाक्य ऐकलं नव्हतं. तीन वेळा पाणी, मग स्पिरिट, मग नळीतली कोरडी हवा. पट्टी परत बसवली. बावीस मिनिटं झाली होती. कोरा झटका दिला. टक्. मी म्हटलं, आणखी एक. टक्. आकडा जागच्या जागी.

"खात्री आहे?" मॅडमनी विचारलं.

"आहे."

"मघाशीही विचारलं होतं मी तुम्हाला."

"मघाशी खोटं बोलले," मी म्हटलं. "आता खरं बोलतेय. द्या."

त्यांनी दुसरी कॅसेट बसवली. अर्धा तास व्हायला चार मिनिटं कमी होती. टक्. पडदा हिरवा. मी तिथंच खाली बसले.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नोंदीचा कागद माझ्यापुढे ठेवला. "काय झालं ते लिहा. तुमच्या हातानं, सगळं." मी लिहिलं. नारळाचं पाणी हे शब्द त्या इंग्रजी कागदावर मराठीतच लिहिले, कारण दुसरं काही सुचेना. मॅडमनी विचारल्यावर मी 'नाही' म्हणाले, हेही लिहिलं. मग गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर टाकलं.

"मी चालले. उद्यापासून दुसरं कुणी बघा."

"ताई, मला आत्ता हॉस्पिटलला फोन करायचाय. तुमचं नंतर बघू."

"नंतर काय बघायचंय? मला तोंड आहे का इथं थांबायला?" असं म्हणून मी बाहेर पडले. तेव्हा मला वाटत होतं, मी फार ताठ मानेनं वागतेय.

गेटावर म्हातारबाबा उठून उभे राहिले. "झालं का बाई?"

मागच्या फाटकानं गेले असते तर चाललं असतं. पण जिभेवर आलेलं मला गिळता येत नाही, आणि त्या दिवशी एकदा गिळून बघितलंच होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. पूजा, पाणी, चट्, माझं 'नाही', अर्ध्या पेशी. ते ओरडले नाहीत.

"पयल्या डावालाच का न्हाई बोललीस?"

"नोकरी जाईल म्हणून, आबा."

त्यांनी टोपी काढली, हातात चुरगाळली, परत घातली. "अर्ध्यावर भागतंय का?"

"माहीत नाही."

पुढे भागलं, जेमतेम भागलं. पण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागं सरकले.

"माझ्या काय पाया पडतीस? मी कोन माफ करनार? जिचं हाय तिला सांग." त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणेपर्यंत पलीकडून आवाज आला.

"हॅलो, मामा? झालं का हो?"

इतके महिने मी नुसते नंबर बघितले होते. डब्यावर नंबर, कॅसेटवर नंबर. तो आवाज ऐकला आणि मला रडूच फुटलं. बसलेला, दमलेला आवाज, तरी त्यात घाई. मी म्हटलं, "ताई, मी मामा नाही. मी मशीन तपासणारी बाई." आणि आबांना जसं सांगितलं तसंच तिलाही सांगितलं, एक शब्द कमी न करता. शेवटी म्हटलं, "माझ्या हातून अर्धं गेलं. मी नोकरी सोडून चाललेय, उद्यापासून इथं नसेन."

पलीकडे कुणीतरी पाण्याचं भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मला वाटलं, तिनं फोन ठेवला तर बरं.

"दुसरं अर्धं नीट गेलं का?" तिनं विचारलं.

"गेलं. नीट गेलं."

"ते कुठंय आता?"

"आत. उबेला ठेवलंय. वाढायला दहा-बारा दिवस लागतील."

"तो आवाज तुम्हाला एकटीलाच कळला ना?"

"हो."

"मग बाई," ती म्हणाली, आणि आता तो आवाज अजिबात दमलेला नव्हता, "माझं अर्धं तिथं ठेवून तुम्ही कुठं चाललात?"

मी मोबाइल आबांच्या हातात दिला आणि कार्ड उचलायला परत आत गेले.